मॅडमचा राहिलेला विषय

गीतांजली मॅडमची अन् माही पयली भेट झाली तवा मी तिच्यावर खेकसली होती. दसरा तोंडावर आला होता. आमचं गाव अकोल्याहून फटफटीनं अर्ध्या तासावर. वावरात झेंडू, बाजूनं वांगे, मेथी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर. दसऱ्याचा झेंडू वेळेवर तोडला तं पैसा, नाई तं ढोरायसमोर टाका. म्हणून आरतीले, म्हणजे माह्या पोरीले, मी सांगून टाकलं का दसऱ्यापर्यंत कॉलेज नाई न् गिलेज नाई, अन् तुहं व्हॉलीबॉल तं बिलकुलच नाई. पोट्टी वावरात आली गुमान, पण तोंड फुगवून.

दुसऱ्या दिवशी सकाऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधाजवळ, टेम्पो थांबला. त्यातून पोट्ट्याच पोट्ट्या उतरल्या, अन् त्यायच्यासमोर एक उंच सावळी बाई, गळ्यात शिट्टी. "आरतीच्या आई तुम्हीच ना? मी गीतांजली, तिला व्हॉलीबॉल शिकवते. तिला मैदानावर न्यायचं आहे. घरचं काम संपल्याशिवाय तुम्ही पाठवणार नाही, म्हणून काम संपवायला आलो." मी हाव का नाई म्हणाच्या आत पोट्ट्या झेंडूत घुसल्याबी. मी पोचेस्तोवर त्यायनं अर्धी ओळ साफ केली होती. दवात भिजलेले फुलं, संगं कळ्या, सारं ओरबाडून पोत्यात दाबून भरलेलं.

झेंडू ओला तोडून पोत्यात भरला तं दुपारपर्यंत आतून काळा पडते. माही तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो मॅडम, हे काय करून राहिल्या तुमी? दव तं सुकू द्या. अन् या कळ्या काहून तोडल्या, तुमच्या बापानं लावल्या का?"

"माझ्या बापानं संत्रा लावलाय, चांदूर बाजारकडे," मॅडम म्हणे. "झेंडूचं मला काही कळत नाही. तुम्ही सांगा तसं करतो."

आता अशा बाईसंग भांडावं तं कसं? तिनं पोते स्वतः उलटे केले, फुलं चवाळ्यावर पसरले, अन् दव सुकेस्तोवर पोट्ट्यायले धुऱ्यावर बसवलं. मले वाटलं, आता या चिवचिव करतीन. तं साऱ्यायनं पिशव्यातून पुस्तकं काढले. एक मोठ्यानं वाचून राहिली, बाकीच्या ऐकून राहिल्या. मी आरतीच्या बाबाकडे पाह्यलं, त्यायनं माह्याकडे पाह्यलं. आमच्या धुऱ्यावर आजपर्यंत कोणी पुस्तक उघडलं नोतं.

जाताना मी मजुरीचं काढलं. मॅडम म्हणे, "पैसे नको. तुमच्याकडे दिवसाला दिवस चालतो ना? आमच्या गावीही चालतो. आमचे दिवस बाकी ठेवा." आमच्या इकडची ही जुनी रीत हाये. तू माह्या वावरात एक दिवस राबली, मी तुह्या वावरात एक दिवस राबीन. तिथं पैसा चालत नाई, दिवसच द्या लागते. मले वाटलं, कॉलेजातल्या बाईले वावर कुठी हाये, ही काय दिवस मांगते. हाव म्हणून मी मोकळी झाली.

दिवाळी झाली अन् फोन आला. "माणिकबाई, दिवस द्या. बडनेऱ्याला सामना आहे. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई मॅनेजर लागते, आणि कॉलेजातली एकही मॅडम यायला तयार नाही."

मी म्हणलं, "मी सातवी शिकली, मले मॅनेजर कायची करता?"

"पोरींजवळ बसायचं, पिशव्या सांभाळायच्या, आणि कोणी वेडंवाकडं बोललं तर माझ्यावर खेकसल्या तसं खेकसायचं."

हे काम मले जमण्यासारखं होतं.

त्या कॉलेजाचा कारभार मले हळूहळू समजला. कॉलेज अकोल्यात जठारपेठेच्या अंगाले हाये, नाव सांगत नाई, उगा कोणाले झोंबाचं. खेळाचे जुने सर रिटायर झाले, त्यायची जागा भरलीच नोती. गीतांजली मॅडम तासावर. म्हणजे वर्गात जेवढे तास शिकवीन तेवढ्याचेच पैसे. सकाऊन उजेडाच्या आत मैदानावर येऊन पोट्ट्यायले पळवते, थो तास कोणी धरत नाई. सुट्ट्या लागल्या का पगार बंद. जठारपेठेत एक खोली, एक स्कूटी, अन् खोलीत भांड्यापेक्षा बॉल जास्त. मी इचारलं, "मंग काहून करता वो हे?" म्हणे, "सवय लागली." असं उत्तर देणाऱ्या माणसाचा मले रागच येते. पण बाई डोक्यातून जाय ना.

मॅडमनं दिवसाला दिवस हे असं लावून धरलं का काही इचारू नका. पोट्ट्या संघातल्या प्रतीक्षाच्या घरी वांगे तोडाले गेल्या, आमच्याकडे मेथीच्या जुड्या बांधून गेल्या, चंदाच्या घराले मातीनं लिपून आल्या. पाहता पाहता साऱ्या माय-बापाकडे मॅडमचे दिवस बाकी झाले. मंग प्रतीक्षाची आई पार्बताबाई खेळाच्या शिबिरात सयपाकाले. चंदाचे बाबा मासोळ्याचे जाळे विणतात, त्यायनं मैदानावरची फाटकी जाळी अशी सांधली का गाठ दिसत नाई. अन् मॅनेजर मी. कॉलेजानं एकबी माणूस देला नोता, पण मॅडमजवळ माणसायची कमी नोती.

पैशाचं रडगाणं मात्र कायमचं. बॉलाचं कातडं सोललेलं, बूट घरचे. मॅडम प्राचार्य साहेबाकडे गेली तं साहेब म्हणे, "आधी या खेळणाऱ्या पोरींचा निकाल दाखवा, मग पैशाचं बोला. अर्ध्याअधिक नापास होतात, आणि त्यांना बूट घेऊन द्यायचे?" आरती घरी येऊन साहेबाले लय बोलली. मी म्हणलं, "साहेब काय खोटं बोलला? व्हता ना नापास."

मॅडमनंबी तेच केलं, साहेबावर चिडली नाई, नियम करून टाकला. जिचा एकबी विषय राहिला ती खेळणार तं नाईच, पण बाकावरबी बसणार नाई. तिनं बाहेर पाहणाऱ्या लोकायत बसून सामना पाहाचा. बाकावर बसाची जागा पास झालेल्याची.

अन् तो नियम मॅनेजर म्हणून माह्या पयल्याच खेपेत, बडनेऱ्याच्या अंतिम सामन्यात, माह्या डोळ्यादेखत लागला. प्रतीक्षा म्हणजे आमची उंच पोट्टी, जाळीवरून बॉल मारे तं समोरच्या पोट्ट्या बाजूले सरकत. तिचं इंग्रजी राह्यलं होतं. मॅडमनं तिले लोकायत बसवलं. पोट्टी हात जोडून म्हणे, "मॅडम, खेळवू नका, पण बाकावर तं बसू द्या, पोरीयजवळ." मॅडम नाई म्हणे. आमी हरलो. मी गाडीत मॅडमले धरलं. "एका विषयापायी साऱ्यायले हरवलं तुमी. काय भेटलं?" मॅडम खिडकीबाहेर पाहून म्हणे, "प्रतीक्षाला इंग्रजी भेटेल." मले लय राग आला होता, खोटं कशाले बोलू.

प्रतीक्षा महिनाभर मॅडमसंग बोलली नाई. मैदानावर मात्र आली, काहून का तिथंच सकाऊन साऱ्या मिळून तिचं इंग्रजी घेत होत्या. उन्हाळ्यात निकाल लागला. प्रतीक्षा पास निघाली, आरती निघाली, एकीचाबी विषय राह्यला नाई. साहेबानं निकाल पाह्यला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाह्यला, अन् बूट मंजूर केले. हे मले आरतीनं सांगतलं. पोट्टी नवे बूट घालून घरात फिरून राहिली होती, मी ओरडली नाई.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी जाहिरात आली. कॉलेज खेळाची जागा भरणार होतं, कायमची, पूर्ण पगाराची. आमी खूष झालो. मी म्हणलं, झालं, मॅडमले भेटली.  मंग मी भाकरी थापत होती तं आरती मांगून येऊन म्हणे, "आई, त्या जागेले एक पात्रता परीक्षा पास असा लागते. मॅडमची थेच राह्यली हाये."

"पोट्ट्यायले पास करते अन् स्वतः नापास?"

"दरवेळी थोड्यासाठी जाते वो. अभ्यास कवा करते ती? आमच्यासंगच तं असते दिवसभर. औंदा नाई निघाली तं जागा दुसऱ्याले जाईन. अन् कायमचा माणूस आला का तासाचं काम संपते. मॅडमले जा लागीन."

माही भाकर तव्यावर करपली. एवढे दिवस मी त्या बाईले येडी म्हणत आली, अन् ती जाईन म्हणल्यावर तव्याकडे ध्यानच राह्यलं नाई.

परीक्षा एका रविवारी होती, अमरावतीले. अन् आमचा शेवटचा सामना त्याच रविवारी, बडनेऱ्याले. गेल्या साली हरलो होतो तोच सामना. दोन गावात अंतर ते किती, पण पेपर अन् सामना एकाच वेळेले. मॅडमनं कोणाले काही सांगतलं नाई. शनिवारी संध्याकाळी मैदानावर पोट्ट्यायले गोल बसवून ती सांगून राहिली होती, कोणती गाडी, कुठी उतराचं, काय खाऊ नका. मीबी मॅनेजर म्हणून हजर होती.

प्रतीक्षानं इचारलं, "मॅडम, उद्या तुमची परीक्षा हाये ना?"

"पुढच्या वर्षी देईन," मॅडम म्हणे, जशी उद्याची भाजी परवा करीन म्हणते तशी. "आता ऐका, पहिल्या डावात..."

आरती उभी राह्यली. ती औंदा कप्तान होती. "मॅडम, विषय राह्यला त्यानं बाकावर बसाचं का?"

"नाही. हे आता काय काढलंस? कोणाचा राहिला?"

"तुमचा."

 मॅडमचा चेहरा असा झाला का मले वाटलं, आता ही पोट्टीच्या एक ठेवून देते. आवाज मात्र बारीक निघाला. "आरती, मी खेळाडू नाही. मी शिकवते तुम्हाला."

"मॅडम," प्रतीक्षा म्हणे, "मीबी त्या दिवशी हात जोडले होते, खेळवू नका पण बाकावर बसू द्या. तुमी म्हणलं, बाक पास झालेल्याचा हाये. मी तुमाले लय शिव्या देल्या मनात. पण माहं इंग्रजी निघालं. आता तुमी लोकायत बसा, नाई तं पेपरले जा."

"आणि संघासोबत कोण? अंतिम सामना आहे हा. काही झालं तर?"

आता मले राहावलं नाई. "काही झालं तं मी काय मेली हावो का? औंदाच्या दसऱ्याचा माहा दिवस बाकी हाये. पार्बताबाईचा हाये. या पोट्ट्यायचे तं किती हायेत थे मोजूच नका. तुमी आमच्या साऱ्यायच्या वावरात राबल्या, तुमचं वावर ते हेच. उद्या आमी राबतो. तुमी तुमचं काम करा."

मॅडम उठून जाळीजवळ गेली, पाठ करून उभी राह्यली. बऱ्याच वेळानं आली तं डोळे लाल. म्हणे, "आरती, चौथ्या नंबरच्या पोरीवर लक्ष ठेव, ती डाव्या हातानं मारते." आमी समजलो का जाते म्हणून.

सकाऊन आमी साऱ्या एकाच गाडीनं निघालो. बडनेऱ्याले उतरलो. मॅडमले अमरावतीचा ऑटो धराचा होता, पण बाईचे पाय आमच्याच मांगं येऊन राहिले. मी तिले अडवलं, शिदोरी हातात देली. "दोनी पेपर लिहाचे. एक लिहून पळून आल्या तं मी बाकावरून उठून घरी जाईन, सांगून ठेवते." अन् तिचा फोन मी माह्या पिशवीत टाकला. तसाबी परीक्षेत नेऊ देत नाईत.

सामन्याले पंच इचारे, "कोच कोण?" मी म्हणलं, "पेपरले गेली." त्यायले काय समजलं कोणास ठाऊक, माहं नाव मॅनेजर म्हणून होतंच, त्यायनं सही घेतली. मी बाकाच्या एका टोकाले बसली अन् मधात मॅडमची जागा सोडली. तिथं कोणी पाण्याची बाटलीबी ठेवली नाई.

खेळातलं मले आजबी अर्धंच समजते. मधात वेळ घेतला का पोट्ट्या माह्याकडे येत, मी पाणी देऊ, टॉवेल देऊ, अन् त्या आपसातच बोलत. आरती बोले, बाकीच्या ऐकत, अगदी मॅडम बोलते तशीच, बोट दाखवून. मी पोरीकडे पाहून राहिली. घरी गिलास उचलून ठेवत नाई म्हणून मी हिले रोज बोलते, अन् इथं सारा संघ तिच्या तोंडाकडे पाहून राहिला होता. मले लय अभिमान वाटला, अन् मॅडम हे पाहाले नाई म्हणून वाईटबी वाटलं.

दोन डाव आमचे, दोन त्यायचे. पाचवा सुरू झाला अन् मले मांगं गलबला जाणवला. मॅडम आली होती. केस सुटलेले, पावलं धुळीनं भरलेले. मी हातानं खुणावलं, या, बसा, पेपर तं झाला. जागा रिकामीच होती. तिनं मान हालवली. निकाल लागाचा होता ना अजून. ती दोरीच्या मांगं गेली, लोकायत, गेल्या साली प्रतीक्षा बसली होती त्याच अंगाले, अन् खाली बसली. शिट्टी गळ्यातून काढून मुठीत धरली. सामना संपेस्तोवर तिथूनच पाह्यलं.

आमी हरलो. दोन पाइंटानं. आरती रडली नाई, दुसऱ्या पोट्ट्यायसंग हात मिळवून आली अन् पाण्याच्या बाटल्या गोळा कराले लागली. प्रतीक्षा सरळ दोरीखालून गेली अन् मॅडमजवळ जाऊन बसली. मी ऐकलं, ती म्हणे, "मॅडम, तुमी असत्या तं जिंकलो असतो."

"हो," मॅडम म्हणे. "त्या दिवशी तू असती तरी जिंकलो असतो."

मंग दोघीबी रडल्या. मीबी रडली, पिशव्या सांभाळत.

हिवाळा गेला. सरावाचे सामने होत राह्यले, अन् मॅडम दोरीच्या बाहेर उभी. पोट्ट्या म्हणत, आता पुरे झालं, बसा. म्हणे, "निकाल येऊ दे." अशी जिद्दी बाई मी पाह्यली नाई. आरतीचे बाबा तं म्हणत, ही नापास झाली तं जन्मभर उभीच राहीन.

ऐन उन्हाळ्यात भर दुपारी धुऱ्यावर स्कूटी थांबली. मी सांभाराच्या जुड्या बांधून राहिली होती. मॅडम उन्हातान्हात चालत आली, समोर उभी राह्यली. आमच्याशी पुस्तकातलं बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या तोंडून चांदूर बाजारचं बोलणंच निघालं. "माणिकबाई, निघाली वो परीक्षा."

मी तिले जवळ घेतलं. दोघीच्या अंगाले सांभाराचा वास. मी म्हणलं, "बसा अगोदर, पाणी प्या." म्हणे, "बसत नाई. पोट्ट्यायले सांगाचं हाये." अन् गेलीबी.

मुलाखतीले दुसरेबी आले होते, मोठ्या शहरातले. पोट्ट्या फाटकाबाहेर पुस्तकं घेऊन बसून होत्या. पण जागा मॅडमलेच भेटली. साहेबानं पोट्ट्यायचे निकाल समोर ठेवले होते म्हणतात, मी काही पाह्यलं नाई.

नव्या साली पयला सामना चांदूर बाजारले होता. मॅडमचे बाबा देवमनजी धोतर-टोपी घालून पाहाले आले, संत्र्याची पेटी घेऊन. प्रतीक्षाबी आली. ती आता अमरावतीले खेळाचंच शिकते. लोकायत बसली अन् म्हणे, "काकू, इथूनबी मस्त दिसते."

संघ मैदानात उतरला. मॅडम सवयीनं दोरीकडे चालली. आरतीनं तिले हाक मारली, बाकाजवळ नेलं, मधातली पिशवी उचलून खाली ठेवली.

"बसा मॅडम. तुमचा विषय निघाला."

मॅडमनं बाकावरून एकदा हात फिरवला अन् बसली. मी सरकून जागा देली. तिचा हात माह्या हाताजवळ आला, मी तो धरला.  तिकडं लोकायत देवमनजी बाजूच्या माणसाले इचारून राहिले होते का पोरगी बसल्या बसल्या रडून काहून राहिली. मी तिच्या हातावर थोपटलं. समोर आरतीनं बॉल उचलला होता.